नाला भरतो, तरी मार्चमध्ये टँकर येतो: गावाच्या जलसंधारणाचा हिशोब कसा तपासायचा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. केज तालुक्यात बालाघाटाच्या उताराला लागून असलेलं गाव, क्षेत्र 980 हेक्टर, लोकसंख्या 2,100. पाच वर्षांपूर्वी श्रमदान आणि मशिन मिळून चार किलोमीटर नाल्याचं खोलीकरण-रुंदीकरण झालं. पाच सिमेंट नाला बांध झाले, माथ्यावर 70 हेक्टरवर सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत जाणारे) खोदले आणि पाझर तलावातला गाळ काढला. पहिली दोन वर्षं विहिरींना मे महिन्यातही पाणी होतं. यंदा फेब्रुवारीतच बोअर बंद पडले आणि मार्चमध्ये टँकर सुरू झाला. आता अर्धं गाव म्हणतं, सगळं वाया गेलं. उरलेलं म्हणतं, पोकलेन लावून नाला आणखी खोल करू. बाहेरून 15 लाख रुपये मिळण्याची शक्यता आहे. काम फसलं की नाही हे कसं ठरवायचं आणि पैसा कशावर लावायचा, हे तुम्ही विचारलंय. शेवटी जाता जाता लिहिलंय की या पाच वर्षांत ऊस 30 एकरांनी वाढला आणि बोअरही बरेच झाले. ते शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, त्याकडे पुढे येतो.

तुमच्या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न मिसळले आहेत. पाऊस किती आणि कसा पडला? पडलेल्यातलं किती जमिनीत मुरलं? मुरलेलं किती उपसलं? जलसंधारणाच्या कामाचा थेट संबंध फक्त मधल्या प्रश्नाशी येतो. पहिल्या दोन वर्षांत पाऊस चांगला असेल तर काम न करताही विहिरी बऱ्याच टिकल्या असत्या. यंदा पाऊस कमी आणि उपसा जास्त असेल तर उत्तम काम करूनही टँकर येतो. म्हणून ‘टँकर आला’ आणि ‘टँकर आला नाही’ यापैकी कशावरूनही कामाला पास-नापास ठरवू नका.

दुसरी गोष्ट बोअरची. मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा आहे. लाव्ह्याचे थर भाकरीच्या चवडीसारखे एकावर एक बसलेत. प्रत्येक थराचा वरचा भाग बहुधा सच्छिद्र, मुरमाड किंवा मांजऱ्या खडकाचा आणि खालचा घट्ट कातळाचा. नाला बांधाचं, चराचं, पाझर तलावाचं पाणी मुख्यतः वरच्या 15 ते 20 मीटरमध्ये मुरतं, म्हणजे 40-60 फूट विहिरीच्या टापूत. 500-700 फूट खोल बोअरला पाणी मिळतं ते खालच्या फटींमधून. त्या फटी भरायला वर्षानुवर्षं लागतात आणि वरच्या कामांशी त्यांचा संबंध असेलच असं नाही. त्यामुळे फेब्रुवारीत बोअर आटले यावरून नाला बांध निकामी ठरत नाही. त्याच नाल्याकाठच्या उघड्या विहिरींना फेब्रुवारीत किती पाणी होतं, हे आधी पाहायला हवं. बोअरमध्ये केसिंग पाइप बहुधा वरच्या 20-40 फुटांपुरताच असतो. त्याखाली भोक उघडं राहिलं की वरच्या थराचं पाणी त्यातून खाली उतरतं. बोअर वाढले की विहिरी लवकर आटतात, त्याचं हे एक कारण आहे, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

काही गोष्टी तुमच्या शिवारावर अवलंबून आहेत, त्या इथे बसून सांगता येणार नाहीत. नाल्याखाली मुरूम आहे की कातळ, शिवारात डाईक म्हणजे उभी खडकाची भिंत गेली आहे का, वरच्या गावातून तुमच्याकडे किती पाणी येतं, आणि यंदा तुमच्या महसूल मंडळात पाऊस सलग पडला की दोन-तीन झडींत पडून वाहून गेला. पुढचे आकडे त्यामुळे अंदाजाचे आहेत. पद्धत मात्र कुठल्याही गावाला चालेल.

सुरुवात विहिरींपासून करा, आणि या मेअखेरच करा, कारण वर्षातली सगळ्यात खालची पातळी तेव्हाच मिळते. 12 ते 15 विहिरी निवडा: माथ्याकडच्या तीन-चार, मधल्या, पायथ्याच्या, नाल्यापासून 100 मीटरच्या आतल्या आणि नाल्यापासून लांबच्या. शेजारच्या गावातल्या, जिथे कामं झालेली नाहीत अशा दोन-तीन विहिरीही घ्या. तुलनेला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर तेलरंगाने एक खूण करा आणि दरवेळी त्याच खुणेपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. मोटर आदल्या संध्याकाळपासून बंद हवी, मोजणी सकाळी. चालू मोटरीची मोजणी कुचकामी, कारण ती विहिरीची खरी पातळी दाखवत नाही. महिन्यातून एकदा मोजा. मेअखेर आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा या दोन मोजण्या कुठल्याही परिस्थितीत चुकवू नका. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरच्या सुमारास मोजते. तुमच्या तालुक्यातल्या विहिरींच्या मागच्या नोंदी त्यांच्या जिल्हा कार्यालयातून मागवा. मंडळाचा पाऊस महावेधच्या (राज्याच्या स्वयंचलित हवामान केंद्रांच्या) केंद्रावरून मिळेल, पण गावात एक साधं पर्जन्यमापक बसवा आणि रोज सकाळी साडेआठला नोंद करा. मंडळाच्या ठिकाणी 60 मिलिमीटर पडलेला असतो तेव्हा तुमच्या माथ्यावर 15 पडलेला असू शकतो.

‘मागच्या पाच वर्षांची मोजणी नाही, मग तुलना कशाशी करायची?’ हे पुढे येणारच. पूर्ण नाही, पण बऱ्यापैकी भरपाई करता येते. प्रत्येक विहिरीच्या मालकाला एकच ठरावीक प्रश्न विचारा: अमुक वर्षी संक्रांतीला आणि पाडव्याला मोटर किती तास चालून पाणी तुटायचं? तास माणसाला लक्षात राहतात, फूट राहत नाहीत. शेजारच्या दोघांकडून खात्री करून घ्या. टँकर कुठल्या तारखेला सुरू झाला आणि कधी बंद झाला, याच्या नोंदी पंचायत समितीत असतात. कामाआधीचं एक आणि नंतरचं एक अशी जवळपास सारख्या पावसाची दोन वर्षं शोधा आणि त्याच दोन वर्षांची जोडी लावा. चांगल्या पावसाच्या वर्षाची दुष्काळी वर्षाशी तुलना करून कुठलाच निष्कर्ष निघत नाही.

आता प्रत्यक्ष काम तपासा. शिवारफेरी काढा, पण फोटोसाठी नाही. प्रत्येक कामाला नंबर द्या आणि त्याची अवस्था वहीत लिहा. चरांपासून सुरू करा. 70 हेक्टरपैकी सात-आठ ठिकाणी 50-50 मीटर लांबी निवडा आणि पाहा: मूळ 30 सेंटिमीटर खोलीपैकी किती उरली, भराव कुठे फुटला, समपातळी चुकली म्हणून पाणी एका टोकाला जमून फोडून गेलं का. पाच वर्षांत चर निम्मे बुजणं नेहमीचं आहे. त्यात गवत आणि झाडी उभी राहिली असेल तर बुजलेले चरही काम करतात. उघडा, गुरांनी चरलेला, गवत नसलेला माथा असेल तर चराचं सगळं काम दोन-तीन पावसाळ्यांत खाली नाल्यात येऊन बसतं. नाल्यात गाळ कुठून आला याचं उत्तर बहुतेक वेळा माथ्यावर सापडतं.

सिमेंट बांधाच्या बाबतीत ‘पाणी किती दिवस टिकतं’ याला लोक यशाचं माप समजतात. पाझरासाठी बांधलेल्या बांधात पाणी महिनोन्‌महिने टिकत असेल तर ते मुरत नाही, असा त्याचा अर्थ निघतो. बांधाच्या भिंतीवर पांढऱ्या-काळ्या रंगाने सेंटिमीटरची पट्टी रंगवा. ऑक्टोबरात वरून येणारं पाणी थांबलं की दहा-बारा दिवस रोज सकाळी पातळी लिहा. त्या दिवसांत बाष्पीभवनाने रोज साधारण 4 ते 6 मिलिमीटर पाणी जातं. पातळी रोज 20-30 मिलिमीटर उतरत असेल तर वरचा सगळा फरक मुरतोय. 6-8 मिलिमीटरच उतरत असेल तर तळ गाळाने चिकटलाय किंवा खाली कातळ आहे. आणि पातळी फारच झपाट्याने उतरत असेल तर लगेच आनंद मानू नका. बांधाच्या खालच्या अंगाला जाऊन पाहा. तिथे ओल किंवा झरा असेल, कडेच्या मातीतून पाणी येत असेल, तर पाणी मुरत नसून पायाखालून किंवा बाजूच्या भिंतीला वळसा घालून निसटतंय. पाया पक्क्या थरापर्यंत नेला नसेल किंवा बाजूच्या भिंती काठात पुरेशा आत घातल्या नसतील तर हे होतं. खालच्या अंगाला पाणी आपटून खड्डा पडला असेल तर तोही भरून घ्यावा लागेल, नाहीतर एखाद्या मोठ्या पुरात बांध उलटतो.

खोलीकरणाबद्दल मात्र जरा सविस्तर लिहितो, कारण वादाचा मुद्दा तोच आहे. नाला रुंद-खोल केल्याने साठवण वाढते, हे खरं. पण खोदताना कुठला थर उघडा पडला यावर त्याचं पुढचं सगळं ठरतं. वरचा गाळ आणि माती काढून मुरूम उघडा झाला तर पाझर सुधारतो. मुरूम ओलांडून कातळात गेलात तर हौद तयार होतो. त्यात पाणी दिसतं, पण मुरत नाही आणि उन्हाळ्यात उडून जातं. तिसरी शक्यता सगळ्यात वाईट आहे. पाणी धरणारा थरच आडवा कापला गेला तर शेजारच्या विहिरींतलं पाणी उलट नाल्याकडे वाहू लागतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात नाला भरलेला बघून लोक खूश होतात, आणि ते पाणी त्यांच्याच विहिरीतून आलेलं असतं.

हे तपासायची पद्धत सोपी आहे. ऑक्टोबरात नाल्याच्या पाण्याची पातळी आणि 50-100 मीटरवरच्या विहिरीतल्या पाण्याची पातळी एकाच संदर्भाने मोजा. पारदर्शक नळीत पाणी भरून टप्प्याटप्प्याने पातळी नेता येते. जलयुक्त शिवारच्या कामांची आखणी ज्यांनी केली अशा कृषी सहायकांकडे किंवा एखाद्या अभियंत्याकडे डम्पी लेव्हल (पातळी मोजायचं दुर्बिणीचं यंत्र) असेल तर आणखी चांगलं. विहिरीचं पाणी नाल्यापेक्षा खाली असेल तर नाला विहिरीला देतोय. वर असेल तर नाला विहिरीकडून घेतोय. अशा तुकड्यात आणखी खोदणं म्हणजे विहिरी लवकर रिकाम्या करणं. तिथे एक-दोन ठिकाणी आडवा मातीचा किंवा दगडी अडथळा घालून पाण्याची पातळी वर धरावी लागेल. सलग चार किलोमीटर खोदून मध्ये कुठेच न खोदलेला पट्टा सोडला नसेल तर तो दोष तुमच्याही नाल्यात असण्याची शक्यता मोठी आहे. काढलेली माती काठावरच टाकली असेल तर ती पावसात पुन्हा आत येते. तळाशी पाच-दहा सेंटिमीटर चिकट गाळ बसला तरी पाझर खूपच मंदावतो, म्हणून रुंदीकरण केलेल्या नाल्याला दर एक-दोन वर्षांनी वरवरचा गाळ खरवडायचा खर्च येतोच, आणि तो कुणी धरलेला नसतो.

नाले खूप खोल-रुंद करून पाणी मुरवणाऱ्या शिरपूरचं उदाहरण गावात नक्की निघालं असेल. धुळे जिल्ह्यातल्या त्या कामाचं बरंचसं यश तापीच्या गाळाच्या थराशी जोडलेलं आहे. बालाघाटाच्या पायथ्याला तसा जाड गाळ नाही. तिथली खोली इथे आणायची नसते.

आता हिशोबाकडे. एका हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 घनमीटर, 10 हजार लिटर. 700 मिलिमीटर पावसात तुमच्या 980 हेक्टरवर सुमारे 6,860 टीसीएम पाणी पडतं. टीसीएम म्हणजे हजार घनमीटर, 10 लाख लिटर. यातला निम्म्याहून मोठा भाग पिकं, गवत आणि उघडी जमीन हवेत परत करतात. काळ्या पाषाणात नैसर्गिकरीत्या मुरतं ते 8-10 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे 550 ते 700 टीसीएम. तेही सगळं हाती येत नाही. काही पाणी जमिनीखालून खालच्या गावाकडे आणि नदीकडे जातं.

तुमच्या कामांनी यात काय भर घातली? चार किलोमीटर नाला, सरासरी 8 मीटर रुंदी आणि 2 मीटर वाढीव खोली धरली तर 64 टीसीएम. पाच बांध मिळून 40 धरू. पाझर तलाव 60. हे दोन आकडे माझा अंदाज आहे, तुमच्याकडे अंदाजपत्रकं असतील त्यातले घाला. 60 बाय 30 सेंटिमीटरचे चर, हेक्टरी 500 मीटर धरले तर 70 हेक्टरवर जेमतेम 6 टीसीएम. एकूण एका भरणीला 170. चांगल्या वर्षी अडीच-तीन वेळा भरलं तर 425 ते 500, त्यातलं निम्मं बाष्पीभवन, गळती आणि सांडव्यावरून जाऊन उरलेलं खरोखर मुरलं असं समजा. हाती येते सुमारे 225 टीसीएमची भर. ही भर लहान नाही, तुमच्या गावाने खूप मोठं काम केलंय.

आता उसाकडे. पाटपाण्यावरच्या उसाला हेक्टरी 20 ते 25 हजार घनमीटर पाणी लागतं. त्यातला पावसाचा वाटा वजा केला तरी एकरी 7-8 टीसीएम विहीर-बोअरमधून उपसावं लागतं. 30 एकर वाढला म्हणजे 210 ते 240 टीसीएम. म्हणजे पाच वर्षांपूर्वीच्या कामाने चांगल्या वर्षी जेवढं मुरवलं, जवळपास तेवढंच नव्या उसाने वर्षाला उचललं. दिलेल्या पाण्यातलं थोडं मुळांखाली जाऊन परत मुरतं, त्यामुळे हा हिशोब तंतोतंत नाही, पण दिशा बदलत नाही. हरभऱ्याला 6-6 सेंटिमीटरच्या दोन पाळ्या दिल्या तर एकरी अर्धा टीसीएम लागतो. त्याच 225 टीसीएममध्ये 450 एकर हरभरा निघतो. आणि गावाचं पिण्याचं पाणी? 2,100 माणसं, रोज माणशी 55 लिटर, वर्षाला 42 टीसीएम. 600 मोठी जनावरं धरली तर आणखी 12-13. पिण्यासाठी लागणारं सगळं मिळून 55 टीसीएम, म्हणजे सात-आठ एकर उसाइतकं. आज गाव टँकरवर आहे ते एवढ्या पाण्यासाठी.

ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. त्याला बांधावर खात्रीचा गिऱ्हाईक मिळतो, दुसऱ्या पिकाला तो मिळत नाही, हे खरं दुखणं आहे. पण हिशोब सगळ्यांसमोर फळ्यावर लिहिला गेला पाहिजे. क्षेत्राचे आकडे ई-पीक पाहणीतून घ्या आणि कारखान्याकडच्या नोंदीशी ताडून बघा. बोअर आणि मोटरींची मोजणी गल्लीनिहाय, वस्तीनिहाय करा. प्लॅस्टिकच्या शेततळ्यांचीही करा. 30 बाय 30 बाय 3 मीटरच्या तळ्यात 20-22 लाख लिटर मावतं. ते पावसाच्या वाहत्या पाण्यावर भरलं तर उपयोगी. विहीर-बोअरमधून उपसून भरलं तर जमिनीखाली सुरक्षित असलेलं पाणी उन्हात आणून ठेवलं जातं, आणि नोव्हेंबर ते मे त्यातलं साधारण एक तृतीयांश उडून जातं.

मूल्यमापनात आणखी एक रकाना ठेवा: फायदा कुणाला झाला. नाल्याकाठच्या 20-25 विहिरींना झाला, की माथ्याकडच्या वस्तीला आणि तांड्यालाही? श्रमदानाला तर सगळे आले होते. पहिला हातपंप कुठल्या महिन्यात बंद पडतो, बायकांना पाण्यासाठी किती लांब जावं लागतं, आणि दसऱ्यानंतर किती घरं उचल (आगाऊ रक्कम) घेऊन ऊसतोडीला जातात, हे पाच वर्षांपूर्वीचं आणि आजचं शेजारी-शेजारी लिहा. केज-धारूर पट्ट्यात गावात पाणी टिकलं का, याचा अंदाज तुम्हाला कोयत्यांच्या, म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांच्या, संख्येवरून बऱ्यापैकी येईल.

इथपर्यंतचं जुळवून बघितलं तर तुमच्या गावाबद्दल माझा अंदाज असा: कामांनी पाणी मुरवलं, ते उपशाने गेलं, आणि देखभाल नसल्याने मुरवण्याची ताकदही दरवर्षी थोडी कमी होत गेली. मोजण्या याच्या विरुद्ध निघाल्या तर अर्थात मोजण्या खऱ्या धरा.

म्हणूनच नवीन खोलीकरणाला माझा आत्ता विरोध आहे. कारण पुन्हा हिशोबातच आहे. वाईट वर्षी 400 मिलिमीटर पाऊस, तोही हलक्या सरींनी पडला, तर वाहून येणारं पाणी 5-8 टक्के, म्हणजे 200 ते 300 टीसीएम. तुमची आहे ती 170 ची साठवणच जेमतेम एक-दीड वेळा भरेल. आणखी खड्डे केले तरी ते त्या वर्षी रिकामे राहतील. चांगल्या वर्षी भरतील, पण चांगल्या वर्षी टँकर लागतच नव्हता. शिवाय वरच्या गावाने सगळं अडवलं तर खालचं गाव आणि मांजरा धरण कोरडं राहतं, हेही लक्षात ठेवायला हवं.

15 लाखांपैकी निम्मी रक्कम दुरुस्तीला ठेवा. बांधांची गळती, खालच्या अंगाचे खड्डे, बाजूच्या भिंती पहिल्यांदा. मग नाल्यातला फक्त गाळ, मुरमाला न लागता. आणि नाला जिथे विहिरींचं पाणी ओढतोय तिथे आडवे अडथळे. पाझर तलावातला गाळ काढताना पाळूच्या (तलावाच्या मातीच्या बांधाच्या) पायथ्यापासून किती अंतर सोडायचं हे अभियंत्याकडून आखून घ्या, पाळूला खेटून खोदल्याने तळे फुटतात. गाळ हलक्या, मुरमाड रानात पसरा. एक एकरावर 5 सेंटिमीटरचा थर द्यायला साधारण 200 घनमीटर, म्हणजे 65-70 ट्रॉल्या लागतात. वाहतूक शेतकऱ्याची, खोदाई निधीची, अशी वाटणी केली तर गाळ काठावर पडून राहत नाही. माथ्यावरच्या चरांची दुरुस्ती आणि गवताचं बी रोहयोतून करा, त्यावर हा पैसा घालवू नका. पण दोन पावसाळे चराईबंदी गावाने पाळली पाहिजे, नाहीतर तेही काम करू नका.

पिण्याच्या विहिरीसाठी वेगळा भाग काढून ठेवा. सार्वजनिक पाण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही. हा कायदा जुना आहे, फक्त गावात कुणी तो वापरत नाही. त्या टापूत आजच असलेले बोअर मोजा आणि मालकांशी फेब्रुवारी ते जून उपसा बंद ठेवण्याचा लेखी करार करा. बदल्यात त्यांना ठिबकला मदत किंवा काही मोबदला द्या. नुसत्या धमकीने हे होत नाही. विहिरीच्या वरच्या अंगाला असलेला बांध सगळ्यात आधी दुरुस्त करा. विहीर पुनर्भरण करणार असाल तर आधी गाळ बसायचा खड्डा, मग मोठे दगड, खडी आणि वाळूचा गाळणखड्डा, मगच पाइप विहिरीत. आणि पिण्याच्या विहिरीत शेतातून वाहून आलेलं पाणी अजिबात सोडू नका, त्यात खत आणि फवारणी दोन्ही असते.

शेतातल्या शेतात पाणी मुरवणं हे खर्चाच्या मानाने सगळ्यात स्वस्त काम, आणि त्याला फलक लावता येत नाही म्हणून ते मागे पडतं. बांधबंदिस्ती दुरुस्त करून दगडी सांडवा, उताराला आडवी पेरणी, सोयाबीनला रुंद वरंबा सरी. भारी काळ्या रानात सरीमुळे जास्तीचं पाणी निघून जातं आणि पावसाच्या खंडात ओल टिकते. 40-50 शेतकऱ्यांना यंत्राचं भाडं एका हंगामापुरतं या निधीतून दिलं तरी पुढच्या वर्षी निम्मे आपणहून करतात.

उपशाचा नियम हा सगळ्यात अवघड भाग. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडा: विहिरींची ऑक्टोबरची पातळी, झालेला पाऊस, पिण्यासाठी राखून ठेवायचे 55 टीसीएम, आणि उरलेल्यात किती एकर रब्बी बसते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात दरवर्षी असाच ताळेबंद मांडून पिकं ठरतात, आणि तिथे उसाला व शेतीसाठी बोअरला बंदी आहे. तुमच्या गावात पहिल्याच वर्षी उसाला बंदी घालायचा ठराव केला तर तो कागदावर राहील आणि गाव फुटेल. त्यापेक्षा पहिल्या वर्षी तीनच गोष्टी ठरवा: नवीन बोअर नाही, नवीन ऊस लागवड नाही, आणि असलेला ऊस दोन वर्षांत ठिबकवर. ठिबकाने उसाचं पाणी 40 टक्क्यांच्या आसपास वाचतं. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी ऊस लागणार असेल तर गावाच्या खात्यावर शून्य वाचलं, म्हणून दुसरी अट सुटता कामा नये. ज्याचा खोडवा (तोडणीनंतर पुन्हा फुटलेला ऊस) उभा आहे त्याला तो काढू द्या.

देणगीदार बहुधा फलक लावता येईल असं नवं बांधकाम मागतील. त्यांच्यासमोर दुरुस्तीची यादी फोटो आणि मापांसह ठेवा, आणि 15 लाखांतले 40-50 हजार तीन वर्षांच्या मोजणीसाठी बाजूला ठेवायला सांगा. त्यात विहीर मोजणाऱ्या दोन मुला-मुलींचं मानधन, पर्जन्यमापक, बोअरमध्ये सोडायची पातळी मोजायची वायर आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचा फळा एवढं भागतं. पैसे यायला उशीर झाला तरी मेअखेरची मोजणी थांबवू नका. पहिला जोराचा पाऊस झाला की ती पातळी पुन्हा वर्षभर मिळत नाही, आणि त्या आकड्याशिवाय ऑक्टोबरात पाणी किती मीटर वर आलं हे सांगता येणार नाही.